सावज कोण? युरोपातल्या भुताळी शिकारस्वारीचा माग

मंडळी, ‘वाइल्ड हंट’, म्हणजे रात्री धावत निघणारी भुतांची शिकारस्वारी, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं. पेटर निकोलाय आर्बो या नॉर्वेजियन चित्रकाराने १८७२ साली रंगवलेलं, आज ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेलं. काळवंडलेल्या आभाळातून घोडेस्वारांचा लोंढा उतरतोय, शस्त्रं उगारलेली, केस मोकळे सुटलेले, भोवती काळे पक्षी. पुस्तकांची मुखपृष्ठं, गाण्यांच्या अल्बमची वेष्टनं, व्हिडिओ खेळांच्या जाहिराती, सगळीकडे हेच चित्र किंवा त्याची पोरंबाळं. आता जरा चोखंदळपणे बघा. स्वारी निघालीय शिकारीला, पण पुढे पळणारं हरीण नाही की रानडुक्कर नाही.

ही चित्रकाराची चूक नाही. या कथांचे सर्वांत जुने लेख वाचले तर त्यांतही सावज नसतं. म्हणून युरोपातल्या या भुताळी स्वारीची कोणतीही गोष्ट हाती आली की पहिला प्रश्न ‘पुढारी कोण’ हा विचारायचा नाही. तो सगळे विचारतात आणि मग ओडिन, आर्थर, हर्न अशी नावांची जंत्री करत बसतात. पहिला प्रश्न, सावज कोण? त्याच्या उत्तरावरून गोष्ट कुठल्या जातीची, कुणी सांगितलेली आणि कशासाठी, हे बऱ्यापैकी कळतं.

सर्वांत तपशीलवार जुना लेख नॉर्मंडीतला आहे. सँ-एव्हरूल मठातला भिक्षू ऑर्डेरिक व्हिटालिस याने तो बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या इतिहासग्रंथात घातला. प्रसंग १०९१ सालच्या १ जानेवारीच्या रात्रीचा. वॉल्केलिन नावाचा धर्मगुरू गावाच्या टोकाला असलेल्या आजाऱ्याला भेटून एकटाच परततोय. चांदणं आहे. मोठं सैन्य चालून येतंय असा आवाज त्याला येतो. त्याला वाटतं, कुणा सरदाराची फौज वेढ्याला निघाली असेल. भीती भुतांची नाही, लुटारू शिपायांची. वाटेपासून लांब शेतात मेडलरची चार झाडं दिसतात, त्यांच्या आडोशाला तो धावतो, तेवढ्यात गदा घेतलेला एक राक्षसी पुरुष त्याला अडवतो आणि म्हणतो, थांब, पुढे पाऊल टाकू नकोस. मग त्याच्यासमोरून मिरवणूक जाऊ लागते.

आधी पायी चालणारे. खांद्यावर मेंढ्या, कपडे, भांडीकुंडी, घरातलं सामान, लुटून आणल्यासारखं. त्यांत नुकतेच वारलेले शेजारी त्याला ओळखू येतात. मग तिरड्या, सुमारे पन्नास, प्रत्येकीला दोन खांदेकरी, आणि वर पिंपाएवढ्या डोक्याची खुजी माणसं बसलेली. मग घोड्यावरच्या बायका. खोगिराला तापलेले खिळे, आणि वारा त्यांना हातभर वर उचलतो नि पुन्हा त्याच खिळ्यांवर आपटतो. मग पाद्री, मठाधिपती. शेवटी सरदारांची फौज, सगळं काळं, मधूनमधून आगीचा लखलखाट. तेव्हा कुठे वॉल्केलिनला उमगतं, की हा ‘हेर्लेकिनचा लवाजमा’, ज्याच्याबद्दल आपण ऐकून होतो पण ज्यावर विश्वास ठेवला नव्हता.

इथे तो एक फार माणसासारखी गोष्ट करतो. आपलं कुणाला पटणार नाही, पुरावा हवा, म्हणून एक मोकळा घोडा पकडायला जातो. पहिला निसटतो. दुसरा सापडतो. रिकिबीत पाय ठेवतो तर पाय भाजतो, आणि लगाम धरलेला हात बर्फासारखा गारठतो. तेवढ्यात चार स्वार त्याला चोर म्हणून घेरतात. त्यांतला एक ग्लोसचा विल्यम. त्याने एका गरिबाला कर्ज देऊन गिरणी गहाण घेतली होती, कर्ज फिटलं नाही, आणि खऱ्या वारसाला डावलून ती गिरणी आपल्याच पोरांना ठेवली. आता त्या गिरणीचा तापलेला लोखंडी दांडा त्याच्या तोंडात आहे आणि तो म्हणतो, रुआँच्या बुरुजापेक्षा जड वाटतो. बायकोमुलांना सांग, गिरणी परत करा. वॉल्केलिन नाही म्हणतो. विल्यम त्याचा गळा धरतो. शेवटी याच लवाजम्यात असलेला वॉल्केलिनचा मेलेला भाऊ येऊन त्याला सोडवतो. धर्मगुरू आठवडाभर आजारी पडला, पुढे पंधरा वर्षं जगला. चेहऱ्यावरचा व्रण आपण स्वतः पाहिला, असं ऑर्डेरिक लिहितो.

यात शिकार कुठे आहे? शिंग वाजत नाही, कुत्रं भुंकत नाही, कुणी कुणामागे धावत नाही. ही चालती वहीखाती आहेत. ज्याने जे लुबाडलं ते त्याच्याच खांद्यावर. मठाला अशी गोष्ट का हवी होती हेही उघड आहे. मेलेल्यांसाठी प्रार्थना आणि मिसा (चर्चमधली उपासना), यांवर मठाचा कारभार चालत होता. ‘हेर्लेकिन’ हा शब्द पुढे फ्रेंच रंगभूमीवरून घसरत घसरत ठिगळांच्या पोशाखातल्या हार्लेक्विन विदूषकापर्यंत पोचला, ही त्या लवाजम्याची आणखी एक अधोगती, पण ती वेगळ्या व्याख्यानाची गोष्ट.

शिंगं आणि कुत्री येतात इंग्लंडमध्ये, ११२७ साली. पीटरबरो मठाच्या इतिवृत्तात नोंद आहे, की नवा मठाधिपती हेन्री आला आणि लगेच रात्री काळे, अजस्र, ओंगळ शिकारी दिसू लागले. काही काळ्या घोड्यांवर, काही काळ्या बोकडांवर, कुत्री काळी नि बटबटीत डोळ्यांची. पीटरबरोच्या हरणांच्या राखीव रानात आणि तिथून स्टॅमफर्डपर्यंतच्या जंगलात. शिंगं फुंकणारे वीस-तीस असावेत असा अंदाजही दिलाय. हेन्री हा फ्रान्समधला एक मठ आधीच ताब्यात असलेला, राजाच्या वशिल्याने आलेला माणूस, आणि भिक्षूंना तो नकोसा होता. त्याच नोंदीत त्याला मधमाश्यांच्या पोळ्यातल्या आयतोबा नराची उपमा दिलीय. म्हणजे ही भुतं तक्रारअर्ज घेऊन आली होती. आणि सावज? नोंदीत नाही.

साठेक वर्षांनी वॉल्टर मॅप हा दरबारी लेखक राजा हेर्लाची गोष्ट सांगतो. खुज्यांच्या राजाच्या लग्नाला हेर्ला जातो, तीन दिवस राहतो, निघताना मांडीवर एक छोटं शिकारी कुत्रं मिळतं आणि ताकीद, हे खाली उडी मारेपर्यंत कुणी घोड्यावरून उतरायचं नाही. बाहेर आल्यावर कळतं की दोनशे वर्षं लोटली, ब्रिटन लोकांच्या जागी सॅक्सन आलेत, आपल्या राणीचं नाव सांगितलं तर मेंढपाळाला भाषाही नीट कळत नाही. ज्यांनी घाईने उडी मारली त्यांची माती झाली. कुत्रं काही उतरेना. मॅप म्हणतो, इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या राज्याच्या पहिल्या वर्षी ही स्वारी हेरफर्डजवळ वाय नदीत शिरताना दिसली आणि नाहीशी झाली, कारण सतत फिरत राहण्याचा शाप आता आमच्या दरबाराला लागलाय. राजा हेन्री कुठेच ठरत नसे, गाडाभर कागद घेऊन दरबाऱ्यांनी मागे मागे धावायचं. कुणी ही गोष्ट प्राचीन देवकथा म्हणून वाचतं, तेव्हा तिच्यातला कारकुनी कंटाळा हरवतो.

सावज दिसतं ते प्रवचनकारांच्या हाती. हायस्टरबाखचा सिझेरियस हा जर्मन भिक्षू १२२० च्या आसपास नवशिक्या साधूंसाठी दृष्टांत जमवत होता. त्यातला एक माइन्झच्या धर्मप्रांतातला. एका पाद्र्याची रखेल मरायला टेकते. ती म्हणते, मला नवे बूट द्या, चांगल्या जाड तळव्यांचे, आणि त्यांच्यासकट पुरा, मला फार गरज पडणार आहे. पुढच्या रात्री, उजाडायला अवकाश असताना, एक सरदार नोकरासह चाललेला असतो. बाईची किंकाळी येते. अंगात फक्त सदरा आणि पायांत ते बूट. तो खाली उतरतो, तलवारीने स्वतःभोवती रिंगण आखतो, तिला आत घेतो. लांबून शिंग, मग कुत्र्यांचं भुंकणं. तो तिच्या वेण्या डाव्या हाताला गुंडाळतो, उजव्यात तलवार. ती ओरडते, सोड, तो आला. तो सोडत नाही. ती हिसडा देते, केस उपटून त्याच्या हातात राहतात. शिकारी तिला गाठतो, घोड्यावर आडवी टाकतो, एका बाजूला डोकं नि हात, दुसऱ्या बाजूला पाय. सकाळी गावकरी थडगं उघडतात, प्रेताला केस नाहीत.

बूट मागणारी बाई मला या साऱ्या साहित्यातली सर्वांत भेदक व्यक्ती वाटते, कारण तिला काय होणार ते ठाऊक आहे आणि ती तयारी करतेय. पण दृष्टांताचा हेतू बघा. पाप दोघांचं, शिकार एकीची. पाद्र्याचं पुढे काय झालं ते सिझेरियसला सांगावंसं वाटत नाही. शतकभराने इटालियन लेखक बोकाचिओने गोष्टीचा हाच सांगाडा रावेन्नाच्या पाइनच्या बनात नेला. तिथे नग्न स्त्री, मागे कुत्री आणि घोडेस्वार, आणि नायक ते दृश्य मुद्दाम मेजवानी मांडून आपल्या नकार देणाऱ्या प्रेयसीला दाखवतो. ती घाबरून लग्नाला तयार होते. चित्रकार बोत्तिचेल्लीच्या कार्यशाळेत १४८३ साली याची चार चित्रं तयार झाली, लग्नाच्या भेटीसाठी! त्यांतली तीन माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. आवर्जून बघा, आणि मग भेट कुणाला दिली असेल याचा विचार करा.

मध्य जर्मनीच्या जंगलांत लाकूडतोड्यांच्या तोंडी सावज वेगळं. तिथे रानटी शिकारी शेवाळ्याच्या बायकांमागे लागतो, हातभर उंचीच्या, झाडांत राहणाऱ्या. म्हणून झाड पाडताना बुंध्यावर तीन क्रूस कोरायचे. त्या खोडावर बसली की तिला शिकारी हात लावू शकत नाही. इथे पापपुण्य नाही, जंगलात काम करणाऱ्यांचा एकमेकांना धरून राहण्याचा रिवाज आहे.

आणि तिसरी जात, जिथे शिकारीच सावज होतो. हार्त्झ डोंगरातला हाकेलबेर्ग. स्वप्नात रानडुक्कर त्याला मारतं. पुढे तेच डुक्कर तो मारतो, विजयाच्या भरात मुंडक्याला लाथ घालतो, सुळा बुटातून पायात घुसतो, पाय सडतो, माणूस जातो. मरताना म्हणतो, स्वर्ग नको, कयामतीपर्यंत शिकार करू द्या. गोट्फ्रीड ब्युर्गर या कवीने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या जातीला जमीनदाराचं रूप दिलं. रविवारी चर्चची घंटा वाजत असताना सरदार शिकारीला निघतो. उजवीकडे शुभ्र घोड्यावरचा स्वार सांगतो, थांब. डावीकडचा आगीच्या रंगाचा, चल. शेतकऱ्याचं उभं पीक तुडवतो, गुराख्याची गुरं कुत्र्यांना देतो, संन्याशाच्या झोपडीवर घोडा घालतो. तिथेच सगळं गप्प होतं. शिंग फुंकलं तर वाजत नाही. आणि नरकातली कुत्री त्याच्यामागे लागतात. वॉल्टर स्कॉटने १७९६ मध्ये याचं इंग्रजी केलं, सेझार फ्रांक याने १८८२ मध्ये यावर वाद्यवृंदाची रचना केली. ज्या देशांत शेतकऱ्याच्या पिकातून घोडे घालायचा सरदारांना हक्क होता, तिथे ही गोष्ट सूड म्हणून ऐकली जात असणार.

मग हे सगळं एकच कसं झालं? याचं श्रेय किंवा खापर जर्मन अभ्यासक याकोब ग्रिमचं. १८३५ च्या ‘डॉइचे मिथोलोगी’त त्याने मृतांच्या मिरवणुका, शापित शिकारी, रात्री देवीबरोबर उडणाऱ्या बायका (यांचा निषेध चर्चच्या कायद्यांत दहाव्या शतकापासून आहे) आणि वादळाचे आवाज, हे चार वेगळे धागे एका नावाखाली शिवले, ‘विल्डे याग्ट’. आणि म्हणाला, हे सगळं मुळात वोडान म्हणजे ओडिन या देवाचं. अडचण अशी, की आइसलँडच्या जुन्या काव्यांत ओडिनला आठ पायांचा घोडा आहे, कावळे आहेत, लांडगे आहेत, पण आभाळातून शिकारीची स्वारी नेणारा ओडिन त्यांत नाही. तो नंतरच्या शतकांत स्वीडन-डेन्मार्कच्या खेड्यांतून नोंदवलेल्या समजुतींत भेटतो. पुढे ओटो ह्योफ्लर याने १९३४ मध्ये रोमन इतिहासकार टॅसिटसच्या ग्रंथातले हारी नावाचे योद्धे पकडले. अंग रंगवून, काळ्या ढाली घेऊन, अंधाऱ्या रात्री चाल करणारे. ही टॅसिटसने सांगितलेली जिवंत माणसांची युद्धयुक्ती आहे. ह्योफ्लरने तिच्यातून तरुण पुरुषांचे गुप्त पंथ उभे केले, आणि हे संशोधन नाझी राजवटीत कुणाला आवडलं असेल ते सांगायला नको. रॉनल्ड हटन यांच्यासारख्या अलीकडच्या अभ्यासकांनी ही शिवण उसवून धागे पुन्हा वेगळे केलेत. पण शिवलेलं वस्त्र लोकांना जास्त आवडतं.

प्रत्यक्ष गाठ पडली तर करायचं काय, हेही या परंपरेने बारकाईने सांगितलंय, आणि उपाय पाहिले की धागे आपोआप वेगळे होतात. जर्मनीत वाटेच्या मधोमध पालथं पडायचं, काठाला नाही, म्हणजे स्वारी वरून निघून जाते. थट्टेने हाक मारायची नाही. मारली तर वरून मांसाची तंगडी पडते, बहुधा माणसाची, ‘शिकारीत साथ दिलीस, आता खाण्यातही दे’ अशा शब्दांसह. ती फेकली तरी परत येते. उतारा एकच, पुढच्या वेळी ओरडून मीठ मागायचं. भुतांकडे मीठ नसतं. नॉर्वेत धोका वेगळा. ओस्कोरेया ही तिथली भुताळी स्वारी नाताळच्या सुमारास घरात शिरते, बिअर पिऊन जाते, घोडे रात्रभर पळवून सकाळी घामाने भिजलेले सोडते. म्हणून दारांवर डांबराने क्रूस काढायचे. आणि स्पेनच्या गॅलिसियात सांता कोंपान्या, मेणबत्त्या घेतलेल्या मृतांची रांग. तिचा पुढारी जिवंत माणूस असतो, हातात क्रूस नि पवित्र पाण्याचं भांडं. सकाळी त्याला काही आठवत नाही, फक्त दिवसेंदिवस वाळत जातो, आणि दुसऱ्याच्या हाती क्रूस दिल्याशिवाय सुटत नाही. भेटली तर जमिनीवर रिंगण आखून आत पालथं पडायचं, किंवा गावच्या दगडी क्रूसाच्या पायऱ्या गाठायच्या, आणि दिलेली मेणबत्ती घ्यायची नाही. इथे भीती मारलं जाण्याची नाही, बदली सापडण्याची आहे.

आवाजाचा खुलासा मात्र साधा आहे. उत्तर इंग्लंडमध्ये रात्री आभाळातून भुंकत जाणाऱ्या ‘गॅब्रिएल रॅचेट्स’ (‘रॅच’ म्हणजे वासावर माग काढणारं कुत्रं) यांना पक्षिनिरीक्षकांनी एकोणिसाव्या शतकातच रानहंस ठरवलं. थव्याने रात्री स्थलांतर करताना ते सतत एकमेकांना साद घालतात, आणि ढगांवरून येणारा तो कलकल खरोखर कुत्र्यांच्या टोळीसारखा वाटतो. वेल्समध्ये समजूत आहे की अन्नूनची (म्हणजे परलोकाची) कुत्री जितकी जवळ तितका आवाज मंद. डोंगराळ भागात प्रतिध्वनीने फसलेल्या कानांना हे नवं नसावं. पण हंस आवाज देतात, गिरणीचा दांडा देत नाहीत.

आता आधुनिक कथा. मराठी वाचकाला सर्वांत ओळखीची शेरलॉक होम्सची बास्करव्हिल. १९०२ च्या त्या कादंबरीत ह्यूगो बास्करव्हिल पळालेल्या मुलीमागे कुत्री सोडतो, तिला गाठण्यासाठी आत्मा सैतानाला देऊ करतो, आणि माळावर एक प्रचंड श्वान त्याचाच गळा फोडतो. सिझेरियसची बाई आणि ब्युर्गरचा सरदार एका पानावर! डार्टमूरच्या भुताळी कुत्र्यांच्या दंतकथा त्या मागे आहेतच. याउलट हर्न. शेक्सपिअरच्या विनोदी नाटकात तो विंडसरच्या ओकाभोवती शिंगं घालून साखळ्या वाजवणारं, गुरांना रोग लावणारं एकटं भूत आहे. त्याच्याकडे टोळी नाही. टोळीचं नेतृत्व त्याला एन्सवर्थने १८४३ च्या कादंबरीत दिलं, आणि विसाव्या शतकात काहींनी त्याला थेट प्राचीन शिंगवाला देव केलं. आज इंग्रजी कल्पनारम्य कादंबऱ्यांत हरणाची शिंगं घातलेला पुढारी ठरलेलाच असतो, तो अशा तीन पायऱ्यांनी आलाय.

बेलारूसचा उलादझिमिर कारात्केविच याने १९६४ मध्ये राजा स्ताखच्या शिकारस्वारीवर कादंबरी प्रसिद्ध केली. नायक लोककथा गोळा करणारा अभ्यासक, दलदलीतली हवेली, विश्वासघाताने मारलेल्या राजाचा शाप. उकल सांगत नाही, पण एवढं म्हणतो की या स्वारीमागे जिवंत हात आहेत आणि त्यांना फायदा आहे. लेखकाने भूत काढून टाकलं, पण हिशेब ठेवला.

पोलंडच्या आन्द्झेय सापकोव्हस्कीच्या विचर मालिकेत ही स्वारी आधी युद्धाचा अपशकुन म्हणून आभाळात दिसते, पुढे उघड होतं की ते दुसऱ्या जगातले एल्फ आहेत. २०१५ च्या व्हिडिओ खेळाने ते जगभर पोचवलं. तिथे सावज ठरलेलं आहे, सिरी, तिच्या रक्तातल्या शक्तीसाठी. खेळाला हे सोयीचं, कारण खेळणाऱ्याला वाचवायला कुणीतरी हवं. फक्त सिरीने काही केलेलं नाही, तिच्या खांद्यावर कुणाची मेंढी नाही. हल्लीच्या अनेक अनुकरणांत हेच बिघडतं. बर्फ, शिंगं, कवट्यांची चिलखतं सगळं असतं, पण स्वार कशासाठी धावताहेत हे लेखकालाच माहीत नसतं, मग दर प्रकरणाला घोड्यांची संख्या वाढवावी लागते. विल्यमचा एक दांडा पुरला होता.

हा विषय निघाला की आपल्याकडे वेताळाच्या पालखीची आठवण निघतेच. नातं जोडायची घाई करू नये, वेताळ कुणाचा पाठलाग करायला निघत नाही. तुलना करायचीच असेल तर ती पादत्राणांची करावी. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, आणि रात्री गस्त घालून त्या झिजतात असं सांगतात. माइन्झच्या त्या बाईने जाड तळवे मागितले ते पळण्यासाठी. आइसलँडच्या गिस्लीच्या सागेत (जुन्या गद्यकथेत) प्रेताच्या पायांत ‘हेलचे’, म्हणजे मृतांच्या जगाचे, जोडे बांधतात, मेलेल्याला वाट चालायला. आणि ते बांधणारा त्या खुनात सामील असतो, गाठ घट्ट बसली असं स्वतःच म्हणतो.